रॅडबर्नचे 60 विजय: घोळ नेमका कुठे?

बेसबॉलमधला पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) चार्ल्स ‘ओल्ड हॉस’ रॅडबर्नने 1884 मध्ये प्रॉव्हिडन्स ग्रेज या अमेरिकी संघासाठी 60 सामने जिंकले, असं वर्षानुवर्षं छापलं जातं. आजच्या नियमाने आकडा 59 आहे. फरक 28 जुलैच्या फिलाडेल्फियातील सामन्याचा. त्याच्याच संघातल्या सायक्लोन मिलरने नऊपैकी पाच इनिंग टाकल्या आणि 7-4 अशी आघाडी असताना तो पिचिंगवरून बाजूला झाला. उरलेल्या चार रॅडबर्नने एकही धाव न देता टाकल्या. विजय कोणत्या पिचरच्या नावे लिहायचा हे तेव्हा स्कोअरर ठरवी. त्याने रॅडबर्नचं नाव लिहिलं. आज पाच इनिंग टाकून आघाडीवर बाहेर पडलेल्या पिचरलाच, ती आघाडी टिकली तर, विजय मिळतो.

खरा थक्क करणारा आकडा वेगळाच: 73 सामने सुरू केले, 73ही स्वतः संपवले. एकूण 678⅔ इनिंग! पिचिंगचं अंतर तेव्हा 50 फूट, म्हणजे आजच्यापेक्षा कमी होतं, तरी एवढ्या इनिंग टाकणारा खांदा एकच.