मनुष्यबळाची भरपाई (युरोपा युनिव्हर्सालिस ४)

युद्धात फौज कापली गेल्यावर राष्ट्र पुन्हा माणसे गोळा करून लढते कसे होते, याचा युरोपा युनिव्हर्सालिस ४ या संगणकीय खेळातील हिशेब म्हणजे मनुष्यबळाची भरपाई. खेळाडूंच्या बोलण्यात मात्र सर्रास ‘मॅनपॉवर’ हाच शब्द असतो. स्टॉकहोमच्या पॅरॅडॉक्स डेव्हलपमेंट स्टुडिओने हा खेळ ऑगस्ट २०१३ मध्ये आणला. त्याचा डाव ११ नोव्हेंबर १४४४ रोजी सुरू होतो आणि १८२१ च्या आरंभी संपतो. पावणेचारशे वर्षांच्या डावात एखादी लढाई हरणे किरकोळ असते. हरल्यावर किती वर्षांत उभे राहता येते, यावर राज्य तगते किंवा बुडते.

पायदळाची किंवा घोडदळाची एक तुकडी १,००० माणसांची. लढाईत, वेढ्यात किंवा उपासमारीने माणसे गेली की ती जागा देशाच्या एकाच सामायिक साठ्यातून भरली जाते. रिकामा साठा काठोकाठ भरायला साधारण १० वर्षे लागतात. समजा, साठ्याची कमाल मर्यादा ३०,००० आहे. म्हणजे महिन्याला २५० माणसे मिळणार. एका लढाईत १८,००० गारद झाली, तर ती भरून यायला ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे हवीत. साठा शून्यावर आला की चित्र फसवे होते. नकाशावर २० तुकड्या दिसतात, पण एकेकीत जेमतेम ४०० माणसे उरलेली असतात. अशा वेळी जाणता खेळाडू अर्धवट तुकड्या एकत्र करून थोड्या पण पूर्ण भरलेल्या तुकड्या करतो. तुकड्यांची संख्या घटते, पण आघाडीला उभी राहणारी प्रत्येक तुकडी भरीव होते.

दुसरा आकडा युद्धश्रांतीचा, म्हणजे लढून देशाला आलेल्या थकव्याचा. तो ० ते २० असा चालतो. माणसे मेली, प्रांत शत्रूच्या ताब्यात गेले, बंदरांची नाकेबंदी झाली की तो चढतो, आणि त्याच्याबरोबर देशातला असंतोषही. मग सीमेवर शत्रू आणि घरात बंडखोर, अशा दोन तोंडांवर लढावे लागते. खचलेली राज्ये प्रत्यक्षात बुडतात ती बहुतेक वेळा या दुसऱ्या तोंडावर, कारण उरलीसुरली माणसे बंडे मोडण्यातच खपतात. मुत्सद्देगिरीचे गुण म्हणजे डावात दरमहा साठत जाणारे अंक. असे ७५ गुण मोजून श्रांती दोनने उतरवता येते. नवशिके ते गुण जपून ठेवतात आणि बंडांत त्याहून कितीतरी अधिक गमावतात.

सावरण्याचे खरे साधन म्हणजे तह. तहानंतरची युद्धबंदी किमान ५ वर्षांची असते. जेत्याने जितके अधिक ओरबाडले तितकी ती लांबत जाऊन १५ वर्षांपर्यंत पोहोचते. साठा भरायला १० वर्षे लागतात, हे त्याशेजारी ठेवून पाहावे. ज्याच्याकडून सगळे काही लुबाडले त्याला १५ वर्षांची उसंत मिळते, आणि उरलेल्या मुलखाच्या मानाने त्याचा साठा तोवर पुरता भरतो. थोडक्यात मिटवले, तर ५ वर्षांनी अर्ध्या साठ्यानिशी उभ्या असलेल्या शत्रूवर पुन्हा चालून जाता येते. तरीही हरणाऱ्याने शेवटच्या माणसापर्यंत झुंजण्यापेक्षा साठ्यात काही शिल्लक असतानाच, दोन प्रांत देऊन, तह पदरात पाडावा. युद्धबंदी फक्त त्या युद्धातल्या प्रतिपक्षाला बांधून ठेवते. तिसरा शेजारी मोकळाच असतो, आणि रिकामा साठा बघून तोच प्रथम चालून येतो.

पैसा असेल तर भाडोत्री फौज मिळते. जून २०२० मध्ये आलेल्या ‘एम्परर’ या विस्तारासोबतच्या (मूळ खेळाला नंतर जोडलेल्या भागासोबतच्या) बदलांपूर्वी भाडोत्री सैनिकांना देशाच्या साठ्याची गरजच नसे, त्यामुळे श्रीमंत राज्य जवळजवळ अमर होते. त्यानंतर प्रत्येक भाडोत्री टोळीला स्वतःचा मर्यादित साठा मिळाला, आणि हा बदल योग्यच झाला. कर्ज ५ वर्षांच्या मुदतीने मिळते. ते हाताबाहेर गेले की दिवाळे जाहीर करायचे. मग देणी पुसली जातात, पण फौजेचे मनोधैर्य पार ढासळते.

याच स्टुडिओच्या जून २०१६ मधल्या हार्ट्स ऑफ आयर्न ४ मध्ये दुसऱ्या महायुद्धाचा काळ आहे आणि गणित वेगळे आहे. तिथे वाट पाहून साठा फारसा भरत नाही, सैन्यभरतीचा कायदा कडक करावा लागतो. फक्त स्वेच्छाभरती ठेवली तर लोकसंख्येच्या १.५ टक्के माणसे मिळतात, अगदी शेवटच्या कायद्याने २५ टक्के. पण त्या टोकाला कारखान्यांतले हातच कमी होतात आणि उत्पादन कोसळते. माणसे आहेत पण बंदुका नाहीत, अशी अवस्था होते.

मराठी खेळाडूला या हिशेबात पानिपत आठवल्यावाचून राहत नाही, कारण तो काळ आणि तो मुलूख दोन्ही युरोपा युनिव्हर्सालिसमध्ये आहेत. डावाच्या आरंभी दख्खनेत बहमनी राज्य असते आणि पुढे मराठा राज्य घडवता येते. १४ जानेवारी १७६१ चा संहार झाला आणि १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली पुन्हा घेतली. दहा वर्षे, साठा भरायला लागतात तेवढीच. पण मधला भाग जुळत नाही. ऑगस्ट १७६३ मध्ये, म्हणजे पानिपताला तीन वर्षेही झाली नव्हती तेव्हा, माधवराव पेशव्यांच्या फौजेने राक्षसभुवनला निजामाला हरवले. एकाच साठ्यावर चालणाऱ्या राज्याला हे फार जड गेले असते. शिंदे, होळकर, भोसले यांच्या फौजा आणि मुलूख वेगवेगळे होते, सगळी माणसे एका कोठारातली नव्हती. हे वास्तव खेळात मांडायचे तर मांडलिक राज्ये राखावी लागतात. मांडलिकाचा साठा स्वतंत्र असतो. स्वामीचा साठा आटला तरी त्याच्या तुकड्या भरत राहतात आणि वेढ्याची झीज त्यांच्या अंगावर पडते. म्हणूनच दख्खनेत खेळणारे अनुभवी लोक जिंकलेला सगळा मुलूख स्वतःच्या राज्यात घालत नाहीत. दोन-तीन मांडलिक सीमेवर ठेवतात आणि शत्रूच्या किल्ल्यापुढे आधी त्यांना बसवतात.