अंधाराला डोळे बसेपर्यंत

येळवशीला आमच्याकडं गाव रिकामं होतं. लातूर-धाराशिव भागात वेळा अमावस्येला येळवस म्हणतात, आणि मार्गशीर्षातला हा अख्खा दिवस शेतात जातो. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, तिच्यात पांडव म्हणून मांडलेले दगड, भज्जी, उंडे, माठातली आंबील, आणि अंधार पडल्यावर पेटता हेंडगा, म्हणजे मशाल घेऊन पिकाभोवती मारलेली फेरी. गेल्या येळवशीला हेंडगा विझला, माणसं ट्रॅक्टरमध्ये बसून गावाकडं गेली आणि भांडी आवरायला मी आणि माझा बारा वर्षांचा भाचा तेवढे मागं राहिलो. कळंब तालुक्यातल्या आमच्या शेतापासून गाव दीड किलोमीटर. निघताना मोबाईल काढला तर तो बंद पडलेला. उजेडाची बॅटरी ट्रॅक्टरसोबत गेली होती.

"आत्या, काहीच दिसंना झालंय," पोरगं माझा हात धरून म्हणालं. आणि लगेच दुसरं, "चकवा लागला तर?"

आमचे आबा रात्रीचं पाणी द्यायला जन्मभर शेतात जात. कंदील विझला तर ते जागेवर बसत. म्हणायचे, "डोळे अंधाराला बसू दे पोरी, मग ऊठ." शाळेत विज्ञान शिकवायला लागल्यावर त्या वाक्यात किती भरलंय ते मला कळलं. मी भाच्याला बांधावर बसवलं. म्हटलं, अर्धा तास लागंल. तोवर बोलू.

आधी तो काळोख इतका गच्च का होता ते सांगते. आम्ही नुकतेच जाळाकडं बघत होतो. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, प्रकाश टिपणाऱ्या दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूपेशी ४५ ते ६० लाख; त्या दिवसाच्या, रंग आणि बारकावे दाखवणाऱ्या. दंडपेशी ९ ते १२ कोटी, त्या रात्रीच्या. संख्या पाहिली तर आपल्या डोळ्याचा बहुतेक पसारा रात्रीसाठीच मांडलेला आहे, आणि बटण दाबून उजेड करायची सवय लागल्यापासून आपण तो क्वचितच पुरता वापरतो.

दंडपेशीत रोडॉप्सिन नावाचं जांभळट द्रव्य असतं. एक प्रथिन आणि त्याच्या खोबणीत बसलेला, 'अ' जीवनसत्त्वापासून तयार झालेला रेटिनल नावाचा वाकडा रेणू. प्रकाशाचा एक कण येऊन आदळला की तो वाकडा रेणू सरळ होतो, प्रथिनाचा आकार बदलतो आणि मेंदूकडं निरोप जातो. पण एकदा सरळ झालेला रेणू लगेच कामाला येत नाही. तो प्रथिनातून सुटतो, शेजारच्या पेशींच्या थरात जातो, तिथं पुन्हा वाकवला जातो आणि मग परत येऊन खोबणीत बसतो. जाळासमोर उभं राहिलं की कोट्यवधी रेणू एकदम सरळ होतात. रोडॉप्सिन विरतं आणि डोळ्यासमोर डांबर ओतल्यासारखं होतं.

ते भरून यायला वेळ लागतो. पहिल्या आठ-दहा मिनिटांत शंकूपेशी सावरतात, थोडं दिसू लागतं, आणि मग सुधारणा थांबल्यासारखी वाटते. बहुतेक माणसं इथंच घाबरतात, आता याहून जास्त दिसणार नाही असं त्यांना वाटतं. पण त्याच सुमाराला दंडपेशी शंकूपेशींना मागं टाकतात आणि दृष्टी पुन्हा उघडू लागते. पुरती उघडायला तीस ते चाळीस मिनिटं. डोळ्याची बाहुली मोठी होते ते अगदी सुरुवातीला, आणि तिचा वाटाही लहान: २ मिलिमीटरची बाहुली ८ मिलिमीटर झाली तर प्रकाश सोळापट जास्त आत येईल, एवढंच. भर दुपारच्या उन्हात साधारण १ लाख लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड असतो आणि अमावस्येच्या चांदण्यांचा लक्सच्या हजाराव्या भागाइतका. दहा कोटी पटींचा फरक. तो सांधण्याचं मोठं काम रोडॉप्सिन आणि त्याच्या मागची मज्जातंतूंची जुळणी करते.

या जुळणीची ताकद १९४२ साली मोजली गेली. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात हेश्ट, श्लेअर आणि पिरेन या तिघांनी माणसांना आधी बराच वेळ अंधारात बसवलं. मग निळसर हिरव्या प्रकाशाची अगदी मंद उघडझाप दाखवली, तीही सरळ समोर नव्हे, नजरेपासून वीस अंश बाजूला. हिशेब निघाला तो असा: दंडपेशींनी प्रकाशाचे अवघे ५ ते १४ कण शोषले तरी माणूस 'दिसलं' म्हणतो. हे कण शेकडो पेशींवर विखुरलेले असल्यानं एका पेशीच्या वाट्याला एकाहून जास्त कण येणं अवघड. म्हणजे एक दंडपेशी प्रकाशाचा एकच कण ओळखते. प्रकाश याहून कमी असूच शकत नाही. मी हे दरवर्षी वर्गात सांगते आणि दरवर्षी सांगताना अंगावर काटा येतो.

त्या प्रयोगातल्या तिन्ही अटी बांधावर बसलेल्या माणसालाही कामाच्या आहेत. आधी थांबणं, ते आम्ही करतच होतो. दुसरी अट बाजूला बघण्याची. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर, जिथं आपण रोखून पाहिलेली वस्तू उमटते, तिथं दंडपेशी नसतातच. त्यांची सगळ्यांत दाट वस्ती तिथून पंधरा-वीस अंशांवर. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते. म्हणून अंधारात जे बघायचं त्याच्या दीड-दोन मुठी बाजूला नजर ठेवायची. भाच्याला वायव्येकडं देवयानी तारकासमूहातला धुरकट ठिपका दाखवला. त्यानं नेम धरल्यासारखं पाहिलं, ठिपका गायब. जरा शेजारी पाहिलं, हजर. पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर असलेली ती दीर्घिका, वाटेत इतका काळ घालवून आलेला तिचा प्रकाश, आणि तो टिपायला नजर वाकडी करावी लागते.

तिसरी अट रंगाची. दंडपेशींना निळसर हिरवा प्रकाश सगळ्यांत चांगला जाणवतो आणि गडद लाल जवळजवळ जाणवतच नाही. यान पुर्किन्ये या शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोंदवलं होतं की दिवसा भडक दिसणारी लाल फुलं पहाटे पानांपेक्षा काळी दिसतात. जास्वंदीचं झाड दारात असेल तर तिन्हीसांजेला बघा. आकाशनिरीक्षक लाल काच लावलेली बॅटरी वापरतात ते याच कारणानं: शंकूपेशींना वाचण्यापुरतं दिसतं आणि रोडॉप्सिन शाबूत राहतं. मोबाईलचा पांढरा-निळसर पडदा नेमका उलट वागतो. वेळ बघायला तो क्षणभर उघडला तरी बसलेले डोळे उठतात.

'अ' जीवनसत्त्वाचं मघाशी ओझरतं आलं. दृष्टीतलं त्याचं काम उलगडल्याबद्दल जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ चं नोबेल विभागून मिळालं. दृष्टिपटलात हे जीवनसत्त्व त्यांना १९३३ मध्येच सापडलं होतं. ते कमी पडलं की पहिली झळ रात्रीच्या नजरेला लागते. तोच रातांधळेपणा. दिवेलागणीला घरात ठेचकाळणारं, ताट चाचपणारं मूल दिसलं तर 'धांदरट आहे' म्हणून सोडू नका, दवाखान्यात न्या. पुढं हाच अभाव बुबुळापर्यंत पोचतो आणि कायमचं आंधळेपण आणू शकतो. आपल्या देशात १९७० पासून लहान मुलांना या जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम चालू आहे. नऊ महिने ते पाच वर्षं या वयात एकूण नऊ डोस. एकही चुकवू नये. बाकी शेवग्याचा पाला, तांदुळजा, मेथी, चाकवत, गाजर, पिकला आंबा. येळवशीच्या भज्जीत पडणाऱ्या हिरव्या भाज्यांतूनही कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवतं ते द्रव्य, पोटात जातं, आणि ते अंगी लागायला तेल-तूप लागतं, म्हणून वरची करडईच्या तेलाची धार हवीच.

एव्हाना वीसेक मिनिटं झाली होती. "पांदण दिसायली," भाचा म्हणाला. काळी माती आपल्यावर पडलेला बहुतेक प्रकाश गिळून टाकते, पण माणसा-जनावरांच्या पायांनी मळलेली धुळीची वाट थोडा परत फेकते. तेवढ्या फरकावर दंडपेशी वाट रेखाटतात. साचलेलं पाणी आभाळ दाखवतं म्हणून उजळ दिसतं. खरा धोका कठडा नसलेल्या विहिरीचा. तिचं तोंड काळं, भोवतालची माती काळी, आणि दंडपेशींना बारीक कड ओळखता येत नाही, कारण त्या शेकड्यांनी मिळून एकच निरोप पाठवतात. प्रकाश जमतो, रेघ हरवते. डोळे कितीही बसले तरी ओळखीची वाट सोडून आडवं जायचं नाही. आबा यावर फार कडक होते, आणि मीही आहे.

आता चकवा. शेतात रात्री माणूस चालत राहतो आणि फिरून फिरून त्याच बाभळीपाशी येतो, उजाडेपर्यंत सुटका नाही. ऐकलेल्या असल्या गोष्टी मी कधी खोट्या मानल्या नाहीत, आणि २००९ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या यान सौमन आणि सहकाऱ्यांनी त्या मोजूनच दाखवल्या. त्यांनी माणसांना जंगलात आणि ट्युनिशियातल्या सहारा वाळवंटात 'सरळ चालत राहा' एवढंच सांगून सोडलं आणि जीपीएसनं माग ठेवला. सूर्य दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरलं की गोल फिरू लागली, स्वतःचीच वाट ओलांडून गेली आणि त्यांना पत्ताही नव्हता. वाळवंटात रात्री चालणारा एक जण चंद्र दिसेपर्यंत सरळ होता. चंद्र दिसेनासा झाल्यावर वळत वळत आला त्याच दिशेला परत निघाला. डोळे बांधून चालवलेल्या काहींचं वर्तुळ वीस मीटर व्यासाहूनही लहान होतं.

एक पाय आखूड असतो म्हणून असं होतं, ही समजूत या प्रयोगात टिकली नाही, कारण तोच माणूस कधी डावीकडं वळायचा, कधी उजवीकडं. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र, स्नायूंची जाणीव आणि पावलाखालचा स्पर्श यांच्या जोरावर मेंदू 'सरळ' म्हणजे कुठं याचा अंदाज धरून चालतो. प्रत्येक पावलाला त्यात अगदी बारीक चूक होते. दिवसा लांबचं झाड किंवा देवळाचा कळस ती चूक पुसत राहतो. अंधारात पुसायला कुणी नाही; चुकीवर चूक साठते आणि 'सरळ'च हळूहळू फिरतं. माणसाला मात्र आपण सरळच चाललोय याची खात्री असते. भुताला जबाबदार धरणाऱ्या आपल्या माणसांनी अनुभव अगदी बरोबर सांगितला होता.

त्यात लांबच्या एकट्या दिव्याची भर पडते. काळोखात एकच ठिपका रोखून पाहिला तर काही वेळानं तो सरकू लागतो. डोळे कधीच पूर्ण स्थिर नसतात आणि मागं तुलना करायला काही नसलं की मेंदू ती हालचाल दिव्याच्या नावावर टाकतो. वैमानिकांना हे प्रशिक्षणातच शिकवतात. चालता दिवा दिसला आणि माणूस त्याच्या मागं गेला, या गोष्टीही मला इथूनच निघालेल्या वाटतात.

चकव्यावर उपाय म्हणजे न हलणारी खूण. आमच्या भागाचा अक्षांश साधारण साडेअठरा, म्हणून ध्रुव तारा उत्तरेला क्षितिजापासून जवळजवळ दोन मुठी वर असतो, रात्रभर तिथंच. पूर्वेकडं मृग नक्षत्र आणि त्याखाली व्याध. गाव आमच्या उत्तरेला. भाच्यानं मुठीवर मूठ ठेवून ध्रुव शोधला आणि आम्ही उठलो.

काठी आपटत निघालो. सापाला जमिनीतली थरथर जबड्याच्या हाडांतून जाणवते, म्हणून पावलांचा आणि काठीचा दणका कामाचा. पूर्वीचे शेतकरी घुंगुरकाठी वापरत ती याच बेतानं. तरी सगळे साप बाजूला होतात असं नाही. घोणस जागेवर पडून राहते आणि मोठा फूत्कार सोडते, त्यामुळं कान उघडे हवेत, पायात बूट हवेत. पावसाळ्यात बॅटरी नसेल तर मी तरी रात्री पाणी द्यायला कुणाला पाठवणार नाही. शेतीची लाईट रात्रीची आली म्हणून आपली माणसं काळोखात उतरतात; ती दिवसा मिळावी, असं मला मनापासून वाटतं.

अर्ध्या वाटेत भजन ऐकू आलं. एवढ्या लांबून दिवसा आलं नसतं. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री जमीन झपाट्यानं गार होते, तिच्यालगतची हवाही गार आणि वरची त्यापेक्षा उबदार राहते. उबदार हवेत आवाज जास्त वेगानं धावतो, म्हणून वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. गाव नेमकं कुठं आहे ते आता कानही सांगत होते.

दाराशी आलो तेव्हा ओट्यावर पांढरा लखलखीत बल्ब जळत होता. भाच्याला सांगितलं, उजवा डोळा तळव्यानं घट्ट झाक आणि आत चल. दोन्ही डोळे आपापले अंधाराला बसतात; एकाचं रोडॉप्सिन गेलं तरी दुसऱ्याचं राहतं. भांडी ठेवून दोन-तीन मिनिटांनी आम्ही परत अंगणाच्या कडेला, अंधाराकडं तोंड करून उभे राहिलो. त्यानं आधी डावा डोळा उघडा ठेवला. "काहीच नाही." मग डावा झाकून उजवा उघडला. पलीकडचा लिंब, त्याखाली बांधलेली म्हैस, तिच्या पुढ्यातली कडब्याची पेंडी. तो कितीतरी वेळ एकदा हा, एकदा तो डोळा झाकत तिथंच उभा होता.