विजेच्या टाइपरायटरवरचे खटके आणि बटणे : पार्श्वभूमी

मॅन्युअल मशीनवर टायपिंग शिकलेल्या माणसाला पूर्णविराम हलक्या हाताने मारायची सवय असते. तो जोरात मारला तर कागदाला भोक पडते. स्टेन्सिल, म्हणजे प्रती काढण्यासाठीचा मेणकागद, कापताना ‘ओ’ जोरात पडला, तर आतला गोल तुकडाच निखळून येतो. उलट मोठा ‘एम’ किंवा ‘डब्ल्यू’ तितक्याच हलक्या हाताने मारला तर फिका उमटतो, कारण तेवढाच जोर जास्त जागेवर वाटला जातो. डाव्या करंगळीखालचा ‘ए’ पुसट येतो, ही तर टायपिंग इन्स्टिट्यूटमधली रोजची तक्रार. कोणत्या अक्षराला किती जोर लावायचा, मध्ये कार्बन घातले असतील तर तो किती वाढवायचा, ओळ संपल्यावर कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा भाग, किती झटक्याने लोटायचे, हे सगळे बोटे आणि मनगट ठरवत असत. विजेच्या टाइपरायटरने हा जोर बोटांकडून काढून मोटरीकडे दिला. त्याबरोबर हे निर्णयही बोटांच्या हातून गेले आणि त्यांपैकी जवळपास प्रत्येकासाठी यंत्रावर एक वेगळा खटका, दांडी किंवा बटण बसवावे लागले. असे मशीन प्रथमच समोर आले की या गर्दीने माणूस गोंधळतो. पण कोणता खटका कोणत्या अडचणीतून आला हे कळले, की तो वापरायचा कसा हे बरेचसे आपोआप उलगडते.

टाइपरायटरचा धंदा अमेरिकेत १८७४ मध्ये सुरू झाला, तेव्हा शोल्स आणि ग्लिडन यांच्या नावाचे आणि रेमिंग्टनच्या कारखान्यात तयार झालेले मशीन फक्त मोठी इंग्रजी अक्षरे छापत असे. १८७८ च्या रेमिंग्टन क्रमांक २ या मशीनवर शिफ्ट आली. या शब्दाचा अर्थ तेव्हा अगदी शब्दशः होता, कारण ते बटण दाबले की अख्खे कॅरेज जागेवरून सरकत असे आणि एकाच दांडीवरचे दुसरे अक्षर कागद गुंडाळलेल्या रोलरसमोर येत असे. वीज लावण्याचे प्रयत्नही लवकरच झाले. कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्ड येथील ब्लिकेन्सडर्फर कंपनीने १९०२ मध्ये विजेचे मशीन काढले होते, आणि त्यात दांड्यांऐवजी फिरते अक्षरचाक होते. मशीन काळाच्या फार पुढे होते. कचेऱ्यांमध्ये वीजच सर्रास नव्हती आणि जिथे होती तिथे ती एकाच प्रकारची असेल याची खात्री नव्हती, त्यामुळे ते चालले नाही.

टिकलेली परंपरा सुरू होते ती कॅन्सस सिटीच्या जेम्स फील्ड्स स्मॅदर्स यांच्यापासून. त्यांनी १९१४ मध्ये मोटरीवर चालणारे व्यवहार्य मशीन तयार केले. पुढे रॉचेस्टर येथील नॉर्थईस्ट इलेक्ट्रिक कंपनीने त्यांची रचना हाती घेतली, १९२५ मध्ये तिच्या मोटरीवर चालणारे रेमिंग्टन इलेक्ट्रिक बाजारात आले, त्यानंतर ‘इलेक्ट्रोमॅटिक’ या नावाने स्वतंत्र मशीन निघाले, आणि तो सगळा व्यवसाय १९३३ मध्ये आयबीएमने विकत घेतला. १९३५ मध्ये आयबीएमचे स्वतःचे ‘मॉडेल ०१’ आले. या मशीनमधली मुख्य युक्ती समजायला अवघड नाही. कीबोर्डमागे रबर चढवलेला एक लांब रूळ मोटरीच्या बळावर सतत फिरत असतो. बटण किंचित दाबले की त्याच्याशी जोडलेला एक छोटा कॅम, म्हणजे एका अंगाला फुगीर असलेले चाक, त्या रुळाला टेकतो, फिरता रूळ त्याला ओढून नेतो आणि त्या ओढीने अक्षराची दांडी कागदावर आदळते. बोटाने फक्त इशारा द्यायचा, घाव मोटरीचा.

विजेच्या मशीनवर सर्वांत आधी सोडावी लागणारी सवय यातूनच येते. मॅन्युअल मशीनवर ‘एएसडीएफ’च्या ओळीवर बोटे टेकवून बसले तरी काही बिघडत नाही, कारण स्प्रिंगचा विरोध मोडायला खरा जोर लागतो. विजेच्या मशीनचे बटन सुरू करून तशीच बोटे टेकवली की अक्षरे पडू लागतात. मोटर चालू आहे याची खूण म्हणजे संथ घरघर. ती ऐकू येत असताना बोटे बटणांच्या वर अधांतरी धरायची असतात. मॅन्युअलवर पक्के झालेल्या हातांना पहिले काही दिवस हेच सर्वांत जड जाते, वेग वगैरे नंतरच्या गोष्टी.

घाव मोटरीचा झाला की तो किती जोराचा असावा, हे यंत्राला सांगावे लागते. त्यासाठी ठशाचा जोर कमी-जास्त करणारा, आकडे घातलेला खटका आला. साध्या एका प्रतीसाठी तो खालच्या आकड्यावर ठेवायचा आणि कार्बनच्या प्रती वाढतील तसा वर न्यायचा. कार्बनच्या थप्पीने आणखी एक प्रश्न निर्माण होतो, तो जाडीचा. जाड थप्पीमुळे कागदाचा पृष्ठभाग अक्षराच्या जवळ येतो आणि सगळा हिशेब बिघडतो. म्हणून रोलरच्या बाजूला वेगळी दांडी असते, जी रोलरलाच किंचित मागे सरकवते. हे दोन खटके नवख्या माणसाला एकच वाटतात. ते तसे नाहीत, कारण एक जोर ठरवतो आणि दुसरा अंतर. ठसा फिका आला म्हणून जो माणूस फक्त जोर वाढवत राहतो, त्याच्या मशीनवर रोलर खड्ड्यांनी भरतो. रिबिनीचा खटका मात्र मॅन्युअल मशीनवरूनच आला. त्याच्या एका जागेवर रिबीन अजिबात वर उचलली जात नाही आणि नुसते धातूचे अक्षर आदळते. सायक्लोस्टाईलची स्टेन्सिल कापण्यासाठी ती सोय होती.

कॅरेज परत नेण्याचे कामही मोटरीने घेतले. मॅन्युअलवर घंटी वाजली की डावा हात कीबोर्ड सोडून वर जातो, दांडी धरतो, कॅरेज उजवीकडे लोटतो आणि पुन्हा खाली येतो. विजेच्या मशीनवर उजव्या करंगळीजवळचे मोठे रिटर्न बटण दाबले की कॅरेज मागे जाते आणि कागद एक ओळ वर सरकतो. दोन्ही हात जागेवरून हलत नाहीत. हे बटण आजच्या संगणकावरही तिथेच आहे. रेघ, ठिपके किंवा ‘एक्स’ सलग मारण्याची सोय याच जातीची आहे. बटण थोडे दाबले तर अक्षर एकदा पडते. तळापर्यंत दाबून धरले तर कॅम पुन्हा पुन्हा रुळाला टेकत राहतो.

एवढे होऊनही जुनी एक अडचण शिल्लक होती. दांड्यांची मशीने विजेची झाली तरी वेगात दोन दांड्या एकमेकींत अडकत, आणि जड कॅरेज मोटरीच्या वेगाने मागे फेकले जाई तेव्हा टेबल हादरत असे. ३१ जुलै १९६१ रोजी आयबीएमने ‘सिलेक्ट्रिक’ जाहीर केले आणि दोन्ही गोष्टी एकदम मिटल्या. त्याचा बाह्य आकार डिझायनर एलियट नॉइस यांचा होता. यात कॅरेज जागचे हलत नाही, दांड्याही नाहीत. गोल्फच्या चेंडूएवढा एक गोळा कागदासमोरून सरकत जातो, आणि त्याच्या पृष्ठभागावर ८८ अक्षरे कोरलेली असतात. चार आडव्या ओळी, प्रत्येक ओळीत २२ अक्षरे. त्यांतली अर्धी, म्हणजे ४४, साधी आणि विरुद्ध अंगाला ४४ शिफ्टची. शिफ्ट दाबली की गोळा अर्धा फेरा फिरतो. १८७८ मध्ये ज्या शब्दाने कॅरेज सरकत होते, त्याच शब्दाने आता गोळा गरकन वळू लागला.

झाकण उघडून मशीन संथपणे चालवून पाहिले, तर हा गोळा नेमक्या अक्षरावर कसा येतो हे दिसते. प्रत्येक बटण काही पट्ट्या ओढते आणि काही तशाच राहू देते. ओढलेल्या पट्ट्यांची हालचाल तरफांच्या एका जोडणीत एकत्र होते, म्हणजे निव्वळ यांत्रिक बेरीज होते. त्या बेरजेतून गोळा किती कलायचा आणि किती फिरायचा हे ठरते. दोन बटणे एकदम दाबली गेली तर? बटणांच्या खाली एका नळीत पोलादी छर्रे ओळीने भरलेले असतात, आणि त्यांच्यामध्ये एकच पट्टी शिरेल एवढीच मोकळी जागा ठेवलेली असते. एक पट्टी आत गेली की दुसरीला वाटच उरत नाही. इतका साधा उपाय इतक्या गुंतागुंतीच्या यंत्रात सापडावा, याचे मला दरवेळी नवल वाटते.

गोळा बदलता येतो हे सिलेक्ट्रिकचे सर्वांत प्रसिद्ध वैशिष्ट्य. मशीन बंद करायचे, गोळ्यावरची पट्टी उचलायची, तो वर ओढून काढायचा आणि दुसऱ्या वळणाचा गोळा खटकन बसेल असा दाबायचा. कुरिअर, प्रेस्टीज एलिट, तिरके हस्ताक्षरी वळण, गणिती चिन्हे, अशा अनेक प्रकारचे गोळे मिळत. पण अक्षराचे माप आणि अंतराचे माप जुळावे लागते: इंचाला दहा अक्षरांसाठी केलेला गोळा बारा अक्षरांच्या अंतरावर चालवला तर अक्षरे एकमेकांना घासतात. सुरुवातीच्या सिलेक्ट्रिकवर हे अंतर कायमचे ठरलेले होते; १९७१ च्या सिलेक्ट्रिक २ मध्ये दोन्ही अंतरे एका खटक्यावर आली.

आता पुन्हा पूर्णविरामाकडे. मोटरीला पूर्णविराम आणि ‘एम’ यांतला फरक कळत नाही, म्हणून सिलेक्ट्रिकमध्ये घावाचे दोन वेग ठेवले गेले, आणि विरामचिन्हांची बटणे मंद वेग निवडतात. हा वेग बटणावर ठरतो, शिफ्ट दाबली आहे की नाही यावर नाही. म्हणजे एका बटणावरची दोन्ही चिन्हे बारीकच असायला हवीत. जुन्या मॅन्युअल मशीनवर दुहेरी अवतरणचिन्ह २ च्या वर आणि अधोरेखा ६ च्या वर असे. बोट आपला जोर सांभाळून घेत असल्यामुळे त्यात काही अडत नव्हते. विजेच्या मशीनवर एकेरी आणि दुहेरी अवतरणचिन्हे एका बटणावर आली, संयोगचिन्ह आणि अधोरेखा दुसऱ्या एका बटणावर, आणि पूर्णविराम शिफ्टसह मारला तरी पूर्णविरामच पडू लागला. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या संगणकांच्या अमेरिकी कीबोर्डवर अवतरणचिन्हांची ती जोडी आजही एंटरच्या शेजारी आहे. ब्रिटिश कीबोर्डवर दुहेरी अवतरण अजून २ च्याच डोक्यावर बसलेले आढळते.

चुका दुरुस्त करण्याचा इतिहास वेगळ्या वाटेने येतो. विजेच्या मशीनवर कापडी रिबिनीऐवजी कार्बन फिल्मची रिबीन वापरली की ठसा छापील पुस्तकासारखा येई, पण खोडरबर लावताच काळा डाग पसरत असे. टेक्सासमधल्या डॅलस येथे एका बँकेत सेक्रेटरी असलेल्या बेट नेस्मिथ ग्रॅहम यांनी या त्रासापायी पांढरा रंग बाटलीत घालून बारीक कुंचल्याने चुका झाकायला सुरुवात केली. १९५६ मध्ये त्यांनी तो विकायला काढला, पुढे त्याला ‘लिक्विड पेपर’ हे नाव मिळाले, आणि १९७९ मध्ये जिलेट कंपनीने तो धंदा ४ कोटी ७५ लाख डॉलरना घेतला. आपण ज्याला सरसकट व्हाइटनर म्हणतो, त्याचे मूळ हे. मशीनच्या आत उत्तर आले ते १९७३ मध्ये, करेक्टिंग सिलेक्ट्रिक २ वर. त्याचे दुरुस्तीचे बटण दाबले की गोळा एक घर मागे येतो आणि रिबिनीऐवजी चिकट पट्टी पुढे होते; मग चुकलेले अक्षर पुन्हा एकदा मारायचे, म्हणजे त्याच आकाराची शाई कागदावरून उचलली जाते. बरोबर अक्षर लगेच मारले तर चूक तशीच राहते, ही पहिल्या दिवशीची हमखास फजिती. शिवाय यासाठी उचलता येणारी शाई असलेली रिबीन लागते. साध्या कापडी रिबिनीवर ही पट्टी काही करू शकत नाही.

फिल्मची रिबीन एकदाच वापरली जात असल्यामुळे तिच्यावर टाइप केलेला मजकूर अक्षरामागून अक्षर वाचता येतो, म्हणून गोपनीय कामाच्या कचेऱ्यांत वापरलेल्या रिबिनी नष्ट करत. सोव्हिएत हेरांनी त्याच्याही पुढे मजल मारली. १९८४ मध्ये मॉस्कोतील अमेरिकी दूतावास आणि लेनिनग्राडमधील वकिलातीत १६ सिलेक्ट्रिक मशीनांमध्ये लपवलेली उपकरणे सापडली. यंत्राच्या आत अक्षराची बेरीज करणाऱ्या हालचाली ती चुंबकीय पद्धतीने टिपून बाहेर पाठवत होती. छर्रे आणि पट्ट्यांची ती सुबक रचना ऐकणाऱ्यालाही तितकीच वाचनीय निघाली.

सिलेक्ट्रिकची निर्मिती १९८६ मध्ये थांबली, तोवर एक कोटी तीस लाखांहून अधिक मशीने विकली गेली होती. महाराष्ट्रात मात्र टाइपरायटर म्हटले की मॅन्युअलच डोळ्यांसमोर येतो. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे मशीन काढले, आणि पुढे शिरवळच्या कारखान्यातून ते २००९ पर्यंत निघत राहिले. सरकारी टायपिंग परीक्षेतली गती, पत्र आणि तक्ता पिढ्यान्‌पिढ्या अशाच मशीनांवर दिली गेली. त्यामुळे इथे हाती लागणारे विजेचे मशीन बहुधा परदेशातून आलेले असते, आणि ते अमेरिकी असेल तर प्लग लावण्याआधी मागची पाटी वाचावी. ११५ व्होल्टचे मशीन आपल्या २३० व्होल्टवर थेट लावले तर मोटर जळते. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मध्ये घालावा लागतो. ट्रान्सफॉर्मर घालूनही ते सुमारे सहाव्या हिश्श्याने मंद चालते, कारण तिथली वीज ६० हर्ट्‌झची आणि आपली ५०. पूर्वीचा वेग हवा असेल तर मोटरीवरची पुलीच बदलावी लागते.