कोर्टातून नक्कल काढायची आहे? आधी कोर्ट ओळखा

वाटणीचा दावा वीस वर्षांपूर्वी निकाली निघालेला असतो. आता जमीन विकायला काढली की घेणाऱ्याचा वकील म्हणतो, "हुकूमनाम्याची (डिक्रीची) सही-शिक्क्याची नक्कल आणा." मग घरातला कोणीतरी एसटीने जिल्ह्याला जातो आणि तिथून त्याला तालुक्याला परत पाठवतात. तेव्हा आधी प्रकरण कुठे चाललं ते बघा.

तालुक्याला बहुधा दिवाणी न्यायालय, कनिष्ठ स्तर असतं. तेच न्यायाधीश फौजदारी कामात प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी असतात. त्यावर वरिष्ठ स्तर आणि जिल्ह्यात सर्वांत वर जिल्हा व सत्र न्यायालय. दिवाणी कामात ते जिल्हा न्यायालय, खुनासारख्या खटल्यात सत्र न्यायालय. मुंबईत शहर दिवाणी आणि लघुवाद न्यायालयं वेगळी आहेत. फेरफाराचा वाद मात्र तहसीलदार-प्रांतांकडे चालतो. त्याचे कागद कोर्टाच्या नक्कल विभागात कितीही वेळ उभं राहिलात तरी मिळणार नाहीत.

प्रकरणाचा नंबर नसेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून शोधा. तिथे प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. नावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून पाहा, कारण नोंद करणाऱ्याने ते कसं लिहिलं असेल सांगता येत नाही. फार जुनं प्रकरण तिथे सापडलं नाही तर घरातली जुनी नोटीस किंवा सातबाऱ्याचा इतर हक्काचा रकाना पाहा. 'रे.मु.नं.' असं लिहून पुढे आकडा आणि वर्ष असेल, तर तोच दाव्याचा नंबर.

संकेतस्थळावरून उतरवलेला निकाल वाचायला ठीक आहे. अपिलाला किंवा दुसऱ्या कार्यालयात द्यायला प्रमाणित प्रतच, म्हणजे सही-शिक्क्याची नक्कलच लागते.

पक्षकार किंवा त्याचा वकील साधा अर्ज करून नक्कल मागू शकतो. त्रयस्थाला ती कशासाठी हवी ते सांगावं लागतं, सोबत प्रतिज्ञापत्र लागतं आणि मग न्यायाधीश आदेश करतात. बालकांच्या प्रकरणांतले आणि 'पोक्सो'चे (बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखालचे) कागद असे वाटेल त्याला मिळत नाहीत. माहिती अधिकाराचा अर्ज टाकून हे टाळता येईल असं अनेकांना वाटतं, पण सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केलं की न्यायालयीन कागदांच्या प्रती न्यायालयाच्या नियमांनुसारच मागाव्यात.

अर्जात कोर्टाचं नाव, प्रकरण क्रमांक, पक्षकार आणि निकालाची तारीख लिहा. नेमका कोणता कागद हवा तेही लिहा: निकालपत्र, हुकूमनामा, रोजनामा (तारखेवार कामकाजाची नोंद) की अमुक निशाणीचा (एक्झिबिट क्रमांकाचा) दस्त. 'सर्व कागद' लिहिलंत तर पानं वाढतात आणि पानांबरोबर पैसेही. अर्जाला कोर्ट फी तिकीट लावा, ओळखपत्राची प्रत जोडा. मूळ पक्षकार हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावाही जवळ ठेवा. घाई असेल तर अर्जावर 'तातडीची' असं लिहा. त्याचे पैसे जास्त पडतात.

अपील करायचं असेल तर निकालाच्या दिवशीच अर्ज टाका. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपिलाला 30 दिवस आणि उच्च न्यायालयात 90 दिवस मिळतात. नक्कल मिळवायला लागलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम 12 प्रमाणे त्यातून वजा होतो. पण अर्जच वीस दिवसांनी केलात, तर ते वीस दिवस गेलेच. तयार झालेली नक्कल आठवडाभर खिडकीवर पडून राहिली, तर तो आठवडाही साधारणपणे तुमच्याच खाती जातो.

हा हिशेब नक्कलेवरच्या शिक्क्यात दिसतो: अर्ज केल्याची तारीख, तयार झाल्याची तारीख, दिल्याची तारीख. खिडकी सोडण्याआधी या तिन्ही तारखा वाचा, पानं मोजा, सही आणि गोल शिक्का आहे का ते पाहा. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते, नाहीतर पुन्हा एसटी.