शीवचा किल्ला आणि सायन नावाचा घोळ

मुंबई आंदणात गेल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती सोडून देतो. शीवचा किल्ला इंग्रजांनी १६६९ ते १६७७ च्या दरम्यान टेकडीवर बांधला. पोर्तुगीजांचा नाही, हे मुद्दाम सांगतोय कारण बरेच जण तसंच धरून चालतात. इंग्रजांच्या ताब्यातलं परळचं बेट इथे संपायचं आणि खाडीपलीकडे साष्टी बेट, ते पोर्तुगीजांचं. म्हणजे ही खरोखरची हद्द.

आणि इथेच नावाचा घोळ आहे. काही लिहिणारे सांगतात की पाद्र्यांनी इथल्या चॅपलला जेरुसलेमच्या झायन टेकडीचं नाव दिलं, त्यावरून सायन झालं. मला हे अजिबात पटत नाही. गावाच्या हद्दीला आपण शीव म्हणतो, शिवेवरचा देव म्हणतो, शीव ओलांडली म्हणतो, आणि बरोबर हद्दीवरच्या गावाचं नाव शीव असेल तर त्यासाठी जेरुसलेमपर्यंत कशाला जायचं? शीवचं पोर्तुगीज-इंग्रज तोंडात सायन झालं, इतकं साधं आहे. स्टेशनच्या पाटीवर मराठीत अजून शीवच आहे, बोलताना मात्र आपणच सायन म्हणतो, याचं वाईट वाटतं.

किल्ल्याला खरं महत्त्व आलं ते १७३७ मध्ये. मराठ्यांनी ठाणे घेतलं, साष्टीत शिरले, आणि इंग्रजांच्या पोटात गोळा आला. त्याच वर्षी जवळच धारावीत काळा किल्ला उभा राहिला, त्याच्या भिंतीवरच्या दगडावर सालही कोरलंय. १७३९ ला वसई पडली, मग पलीकडचा शेजारी पोर्तुगीज नाही तर पेशव्यांचा अंमल. पुढची पस्तीसेक वर्षं ही टेकडी मराठ्यांच्या हद्दीकडे तोंड करून होती, आणि आपल्या इतिहासात याबद्दल फार कमी बोललं जातं. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतलं, साष्टी त्यांच्याकडे गेली आणि हद्दच उरली नाही. नंतर शीव ते कुर्ला बांध घालून रस्ताच केला.

१९२५ मध्ये संरक्षित वास्तू म्हणून नोंद झाली. डागडुजी अधूनमधून झाली पण खोल्यांना छप्पर नाही आणि भिंतींवर नावं खरडलेली. पायथ्याच्या बागेत भरपूर लोक येतात, त्यातले थोडेच पायऱ्या चढून वर जातात. वरून पूर्वेला मिठागरांची बाजू दिसते, पण खाडी आता इमारतींमधून शोधावी लागते.