म्युटीन: मुद्दाम बदललेली प्रथिनं

निपाणी, खानापूर, चिक्कोडी, संकेश्वर… यांपैकी कुठल्याही गावातल्या मोठ्या मेडिकल दुकानाचा फ्रिज उघडला, तर आत म्युटीनं सापडण्याची बरीच शक्यता आहे. दुकानदार त्यांना या नावानं ओळखत नाही आणि डॉक्टरही हा शब्द सहसा वापरत नाहीत. पेशंटच्या तोंडी असतं ‘जेवणाआधीचं इन्सुलिन’ आणि ‘रात्रीचं इन्सुलिन’.

सीमाभागात मराठी माध्यमातून दहावी करून पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेणाऱ्या मुलांना हा शब्द पुढे बायोटेक्नॉलॉजीत भेटतो. अर्थ एका ओळीत उरकलेला असतो: म्युटंट प्रोटीन म्हणजे म्युटीन. व्याख्या चुकीची नाही, पण म्युटेशन, म्हणजे जनुकातला बदल, म्हटलं की आपल्याला आजारच आठवतो. प्रत्यक्षात म्युटीन हा शब्द जास्त करून माणसानं विचारपूर्वक बदललेल्या प्रथिनासाठी, तेही बऱ्याचदा औषध म्हणून बनवलेल्या प्रथिनासाठी वापरतात.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. कुठल्या जागी कुठलं अमिनो आम्ल येणार, हे जनुक ठरवतं. जनुकात नेमका हवा तिथेच बदल करण्याची पद्धत मायकेल स्मिथ यांनी 1978 मध्ये दाखवली आणि त्यासाठी त्यांना 1993 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. साखळीतलं एखादं अमिनो आम्ल बदलून प्रथिनाच्या वागण्यात काय फरक पडतो, ते पाहणं यामुळे शक्य झालं.

माणसाच्या इन्सुलिनमध्ये 51 अमिनो आम्लं असतात: ए साखळीत 21, बी साखळीत 30. कुपीत असताना जस्ताच्या आधारानं इन्सुलिनचे सहा-सहा रेणू एकत्र बांधले जातात. सहा जणांनी एकमेकांचे हात धरले तर दारातून बाहेर पडता येत नाही; तसं त्वचेखालून रक्तात जाण्याआधी या रेणूंना सुटं व्हावं लागतं. त्यात वेळ जातो, म्हणून साधं इन्सुलिन जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी घ्यावं लागतं. लिस्प्रो इन्सुलिनमध्ये बी साखळीतल्या 28 आणि 29 या जागांवरच्या प्रोलिन आणि लायसिनची अदलाबदल केली आहे. बदल एवढाच, पण त्यामुळे रेणूंची पकड सैल होते, ते चटकन सुटे होतात आणि जेवायला बसताना इंजेक्शन घेतलं तरी चालतं.

ग्लार्जिन या दुसऱ्या बदललेल्या इन्सुलिनमध्ये याच्या उलट साधायचं होतं. तिथे ए साखळीच्या 21व्या जागी ग्लायसिन आणलं आणि बी साखळीच्या टोकाला दोन आर्जिनिन जोडले. कुपीतल्या आम्लधर्मी द्रवात हे इन्सुलिन विरघळलेलं राहतं, पण त्वचेखाली गेलं की त्याचे सूक्ष्म कण साचतात आणि त्यातून ते जवळजवळ दिवसभर हळूहळू रक्तात झिरपतं. ग्लार्जिन दुसऱ्या इन्सुलिनसोबत एकाच सिरिंजमध्ये मिसळू नका, असं सांगतात ते यासाठीच: द्रवाची आम्लता बदलली की हे सगळं गणित बिघडतं.

व्याख्येनुसार ही दोन्ही म्युटीनंच. दवाखान्यात मात्र त्यांना ‘इन्सुलिन अ‍ॅनालॉग’ म्हणायची पद्धत पडली आहे. म्युटीन हा शब्द रुळला तो 1980 च्या दशकात, इंटरल्युकिन-2 सारख्या प्रथिनांच्या पेटंटांमधून. इंटरल्युकिन-2 हे रोगप्रतिकारक पेशींना चेतवणारं प्रथिन; त्यात सिस्टिन हे अमिनो आम्ल तीन जागी असतं. त्यांतले दोन एकमेकांशी नीट जोडले जातात, पण 125व्या जागचा तिसरा मोकळा असतो आणि जीवाणूंकडून प्रथिन बनवून घेताना तो भलत्याच जोड्या लावतो. त्याच्या जागी सेरिन आणलं आणि अडचण संपली. हेच अल्डेसल्युकिन, शरीरात इतरत्र पसरलेल्या मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी 1992 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं औषध. या कर्करोगाच्या पेशंटसाठी हा बदल केवढा मोलाचा ठरला असेल, याचा विचार मला नेहमी थक्क करतो.

मग म्युटीन कशाला म्हणू नये? साखळी तीच राहून फक्त घडी चुकलेल्या प्रथिनाला नाही. आहे त्या प्रथिनाला वरून एखादं रसायन चिकटवलं, तर तेवढ्यानंही ते म्युटीन होत नाही. अमिनो आम्लांचा क्रम बदललेला असायला हवा.

‘जनुक बदलून केलेलं इन्सुलिन घेतलं तर आपली जनुकं बदलतील का?’ ही भीती खेड्यापाड्यांत खरोखर असते आणि तिला नीट उत्तर मिळायला हवं. बदललेलं जनुक कारखान्यातल्या जीवाणूत किंवा यीस्टमध्ये असतं. आपल्या अंगात जातं ते शुद्ध केलेलं प्रथिन. ते आपलं काम करतं आणि मोडून जातं. आपल्या जनुकांना ते हात लावत नाही.

निसर्गात आपोआप झालेल्या बदलांसाठी डॉक्टर ‘व्हेरियंट’ हा शब्द पसंत करतात. सिकलसेल या रक्ताच्या आजारातलं हिमोग्लोबिन हे त्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण: बीटा साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. 1950 च्या दशकात व्हर्नन इंग्राम यांनी हा बदल शोधला. जुन्या पुस्तकांत त्याची जागा 6 अशी दिलेली असते आणि आजच्या जनुकीय रिपोर्टमध्ये 7, कारण आता साखळीच्या सुरुवातीचं, नंतर तुटून जाणारं मेथिओनिनही मोजतात. दोन्ही आकडे एकाच बदलाचे आहेत.