दाद न देणारा जीव्हीएचडी आणि स्टिरॉइड सुटू न देणारा जीव्हीएचडी

मूलपेशी प्रत्यारोपणानंतर दात्याच्या टी-पेशी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर उठतात तो जीव्हीएचडी, आणि त्यावर पहिलं औषध स्टिरॉइड. हे ठाऊक असलेलेही पुढे फाइलवर ‘स्टिरॉइड फेल’ एवढंच लिहून मोकळे होतात. हे दोन शब्द लिहूच नयेत. कोणता डोस, किती दिवस आणि नेमकं काय फसलं, हे त्यांतून कळत नाही.

तीव्र की जुनाट, यासाठी प्रत्यारोपणानंतरचे १०० दिवस मोजणंही सोडा; ते लक्षणांवरून ठरतं.

खरा घोटाळा पुढे आहे. तीव्र प्रकारात प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड किलोमागे रोज २ मिलिग्रॅम चालू असताना ३ ते ५ दिवसांत आजार वाढला, किंवा ५ ते ७ दिवसांत काहीच फरक पडला नाही, तर तो स्टिरॉइडला दाद देत नाही. २८ दिवस उलटूनही सुधारणा अर्धवटच राहिली, तर तेही यातच धरतात. स्टिरॉइड सुटू न देणाऱ्या प्रकारात, म्हणजे अवलंबित्वात, दाद मिळते: जुलाब थांबतात, पुरळ ओसरतो. पण डोस उतरवायला घेतला की आजार पुन्हा उसळतो. पहिल्यात आतड्याचं अस्तर झडत असतं आणि वाट पाहण्यात गेलेला प्रत्येक दिवस महाग पडतो. दुसऱ्यात आजार आटोक्यात असतो, घात होतो तो साठत गेलेल्या स्टिरॉइडने: बुरशीचा संसर्ग, वाढलेली साखर, झिजलेले स्नायू, खुब्याच्या हाडाचा तुटलेला रक्तपुरवठा.

शिक्का मारण्याआधी खोटी रूपं वगळा. सीएमव्ही हा विषाणू, क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल हा जिवाणू आणि मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, तिन्हींनी तसेच जुलाब होतात. आतडं बिघडलेलं असताना गोळी नीट शोषली जाईलच असं नाही, म्हणून शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन द्यावं. आणि २ वरून एका रात्रीत १ वर आणलं तर उसळी येऊ शकते. तिला अवलंबित्व म्हणू नये. दर ३ ते ५ दिवसांनी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम कमी करणं बरं.

नवं औषध शोधताना हा फरक सर्वांत जास्त नडतो. तीव्र प्रकारावरच्या ‘रीच-२’ चाचणीत डोस उतरवताना फसलेले रुग्णही ‘दाद न देणारे’ म्हणून घेतले होते. २८व्या दिवशी रुक्सोलिटिनिब या औषधाला ६२ टक्क्यांनी प्रतिसाद दिला, इतर उपचारांना ३९ टक्क्यांनी. गट चिठ्ठीने पाडले असल्यामुळे ही तुलना पक्की आहे. पण हाच ६२चा आकडा उचलून तुलनागट नसलेल्या दुसऱ्या चाचणीशेजारी ठेवणं चूक, कारण तिथे दोन प्रकारांचं मिश्रण वेगळं असू शकतं. अवलंबून असलेल्यांसाठी तर २८व्या दिवसाचा प्रतिसाद हे मोजमापच अपुरं; स्टिरॉइड किती उतरलं आणि उसळी न येता तिथेच टिकलं का, हे मोजायला हवं.

जुनाट प्रकारात उंबरठे निराळे. किलोमागे १ मिलिग्रॅमवर १ ते २ आठवड्यांत आजार वाढला, किंवा ०.५ वर ४ ते ८ आठवडे जैसे थे राहिला, तर दाद नाही. किमान ८ आठवड्यांच्या अंतराने दोनदा प्रयत्न करूनही ०.२५ च्या खाली जाता आलं नाही, तर अवलंबित्व. अमेरिकेत बेलुमोसुडिलला २०२१ मध्ये आणि ॲक्सॅटिलिमॅबला २०२४ मध्ये मान्यता मिळाली ती याच जुनाट प्रकारासाठी, किमान दोन उपचार फसल्यावर. ते कशामुळे फसले, हे त्या अटीत येत नाही. ते रुग्णाच्या फाइलमध्येच शोधावं लागतं.